जर्मनीतलं फॉरेनर्स ऑफिस उत्तरच देत नाही, परमिट संपत आलंय: कायद्याने काय करता येतं? (बडोदेकरांसाठी धागा)

मांडवीकर

आपल्यापैकी बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी जर्मनीत शिकतंय किंवा नोकरी करतंय, आणि तिथून येणाऱ्या फोनवर एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिथे राहण्याचा परमिट वाढवायचा अर्ज करून चार-पाच महिने झाले, परमिट देणारं फॉरेनर्स ऑफिस ई-मेलला उत्तर देत नाही, कार्डावरची तारीख उलटली, कंपनीचा एचआर रोज विचारतोय. इकडून आपण सांगतो, "शांत राहा, साहेब नाराज होतील असं काही करू नकोस." सल्ला मायेचा असतो, पण तिथे तो नडतो. आपल्याकडे ओळख काढून, चार खेपा घालून काम होतं. तिथे खेपांची कुठे नोंदच होत नाही. फाईलला लागतो तो तारीख असलेला कागद. म्हणून हा धागा: कुठला कागद, कधी, कुणाला, आणि तो पोहोचल्याचा पुरावा काय.

सगळ्यात आधी मुदत. परदेशी नागरिकांच्या वास्तव्य कायद्यातलं कलम ८१, पोटकलम ४ पाठ करून ठेवा. जुना परमिट संपण्याआधी वाढवण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज केला, की निर्णय होईपर्यंत जुना परमिट चालू असल्याचं कायदाच मानतो. ऑफिसने उत्तर दिलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. आधी ज्या अटींवर नोकरीची परवानगी होती, त्याच अटींवर ती पुढेही राहते.

इथे सगळ्यात जास्त लोक एका ठिकाणी चुकतात. वेबसाइटवर अपॉइंटमेंटची वेळ घेणं हा अर्ज झाला असं ते धरून चालतात. ते धरू नका. अपॉइंटमेंट मिळो न मिळो, परमिट संपण्याच्या सहा-आठ आठवडे आधी लेखी अर्ज पाठवायचा: पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, चालू परमिटचा प्रकार आणि शेवटची तारीख, "मी याद्वारे मुदतवाढीचा अर्ज करत आहे" असं सरळ जर्मन वाक्य, आणि त्याच पत्रात कलम ८१, पोटकलम ५ नुसार, अर्जामुळे मिळणाऱ्या या संरक्षणाच्या दाखल्याची मागणी. हा दाखला म्हणजे फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग, आपली मुलं ज्याला 'फिक्शन' म्हणतात तो. फी १३ युरो. सोबत पासपोर्ट, नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपावत्या, आरोग्य विमा आणि पत्त्याच्या नोंदणीची प्रत. एखादा कागद मिळाला नसेल तर "मागाहून देतो" असं लिहून अर्ज तरी वेळेत टाका. अपुरा अर्ज पुढे पूर्ण करता येतो, न केलेला अर्ज मागच्या तारखेने करता येत नाही.

स्मिता_कारेलीबाग

मांडवीकर काका, एक दिवस जरी उशीर झाला तर सगळं संपलंच का? आणि फिक्शनवर दिवाळीला घरी येऊन परत जाता येतं का? इथले एजंट उलटसुलट सांगतात.

मांडवीकर

स्मिताताई, संपलं असं नाही, पण आपोआप मिळणारं संरक्षण जातं. त्याच पोटकलमात सोय आहे: उशीर झाला असला तरी अन्यथा फार कठीण परिस्थिती ओढवणार असेल, तर ऑफिस जुना परमिट चालू असल्याचा आदेश देऊ शकतं. हे ऑफिसच्या हातात आहे, हक्काने मागता येत नाही. त्यामुळे पत्रात कारण सांगायचं आणि त्याचा पुरावा जोडायचा. रुग्णालयाचे कागद, पासपोर्ट नूतनीकरणात अडकल्याची पावती, असं काही. "विसरलो" एवढ्यावर भागत नाही.

प्रवासाचं उत्तर फिक्शनच्या कागदावरच असतं. त्यात कुठल्या पोटकलमाखाली दाखला दिला आहे त्या चौकोनात खूण असते. पोटकलम ४ असेल तर जुनं कार्ड, पासपोर्ट आणि फिक्शन दाखवून परत प्रवेश मिळतो. पोटकलम ३ असेल तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर पडल्यावर या कागदावर परत येता येत नाही. हा चौकोन न बघता तिकीट काढू नका. पोटकलम ४ असलं तरी शक्यतो थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या. मधल्या देशातल्या काउंटरवर हा कागद ओळखणारा माणूस असेलच असं नाही. शिवाय फिक्शनला स्वतःची शेवटची तारीख असते, परतीचा दिवस त्याच्या आत हवा.

न्यायमंदिर

काकांनी पाया बरोबर घातला. आता मुख्य हत्यार. ऑफिस नुसतं गप्प बसलं तर न्यायालयात जायला निर्णयाची वाट बघावी लागत नाही. सरकारी ऑफिसांविरुद्धचे दावे जिथे चालतात, त्या प्रशासकीय न्यायालयांच्या कायद्याचं कलम ७५ नेमकं यासाठी आहे. अर्जाला तीन महिने झाले आणि ऑफिसने पुरेशा कारणाशिवाय निर्णय दिला नाही, तर निष्क्रियतेचा दावा करता येतो. जर्मन शब्द उनटेटिशकाइट्सक्लागे. नोकरी जाण्यासारखी विशेष परिस्थिती असेल तर तीन महिन्यांच्या आधीही.

हे तीन महिने म्हणजे ऑफिसची मुदत संपली आणि परमिट मंजूर झाला, असं कुणी समजू नये. तीन महिन्यांनी फक्त न्यायालयाचं दार उघडतं. दावा आल्यावर न्यायाधीश ऑफिसला विचारतात की उशीर का झाला. पटण्यासारखं कारण असेल, जसं अर्जदाराचा कागद अजून आलेला नाही किंवा सुरक्षा तपासणी चालू आहे, तर न्यायालय ऑफिसला नवी मुदत देतं आणि तोवर खटला थांबवतं. "आमच्याकडे माणसं कमी आहेत" हे कारण मात्र कायमची रड असेल तर न्यायालयं सहसा धरत नाहीत. माणसं नेमणं हे सरकारचं काम, त्याचा भुर्दंड अर्जदाराने का सोसायचा?

म्हणून दाव्याच्या आधीची तयारी निर्णायक ठरते. अर्ज पूर्ण होता हे दाखवता आलं पाहिजे. मी सुचवीन तो क्रम असा. अर्जानंतर साधारण सहा आठवड्यांनी स्थितीची विचारणा, तिला झाखश्टांड्सआनफ्रागे म्हणतात: फाईल नंबर, अर्जाची तारीख, "कुठला कागद बाकी आहे का, असल्यास लेखी कळवा." कमी असलेल्या माहितीबद्दल आणि कागदांबद्दल अर्जदाराला सांगणं ही ऑफिसची कायदेशीर जबाबदारीच आहे. त्यांनी कागद मागितला तर लगेच द्या, कारण तो वेळेत देणं ही वास्तव्य कायद्याच्या कलम ८२ नुसार आपली जबाबदारी आहे. उत्तर आलं नाही, तर तीन महिने होत आले की दुसरं पत्र: दोन आठवड्यांची मुदत, ठरावीक तारखेसह, आणि त्या तारखेपर्यंत निर्णय न झाल्यास कलम ७५ खाली दावा करू असं स्पष्ट वाक्य. भाषा सभ्य, विशेषणं शून्य. पुष्कळ वेळा काम इथेच होतं, कारण दावा आला की ऑफिसला फाईल न्यायालयात पाठवावी लागते आणि लेखी खुलासा द्यावा लागतो.

अभि_फतेहगंज

पत्र पोहोचल्याचा पुरावा कसा ठेवायचा? ई-मेलला तर ऑटो-रिप्लायही येत नाही. आणि हा दावा वकिलाशिवाय करता येतो का? तिथल्या वकिलाची फी विद्यार्थ्याला परवडणारी नाही.

न्यायमंदिर

अभि, अर्जासाठी ई-मेल पाठवच, पण त्याच्या जोडीला दुसरा रस्ता हवा. ऑफिसचं ऑनलाइन पोर्टल असेल तर सबमिट केल्यावर येणारी पावती पीडीएफ करून ठेव. फॅक्स तिथे अजून चालतो. पाठवल्याच्या अहवालावर पहिल्या पानाचं छोटं चित्र छापून येतं असा फॅक्स वापर. पोस्टाने पाठवायचं तर आइनवुर्फ आइनश्रायबेन, म्हणजे पेटीत टाकल्याची नोंद होणारं रजिस्टर. सहीवर मिळणारं रजिस्टर ऑफिस बंद असेल तर परत फिरू शकतं, म्हणून हे बरं. जवळ राहत असशील तर काउंटरवर दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर पोचशिक्का मागून घे.

दाव्याला ई-मेल चालत नाही. हे ठळक अक्षरात लिहून ठेव. कागदावर हाताने सही हवी, मग तो पोस्टाने, फॅक्सने किंवा न्यायालयाच्या पेटीत. पहिल्या पातळीवरच्या प्रशासकीय न्यायालयात वकील सक्तीचा नाही. न्यायालयात रेष्ट्सआन्ट्रागश्टेले नावाची खिडकी असते, तिथे जाऊन दावा तोंडी सांगितला तर कर्मचारी तो लिहून घेतो. कायदेशीर सल्ला तो देणार नाही, पण आराखडा बिनचूक होतो. जर्मन कच्चं असेल तर सोबत बोलणारं कुणी ने.

दाव्यात काय हवं: आपलं नाव आणि खरा राहता पत्ता, प्रतिवादी, मागणी, थोडक्यात घटनाक्रम. प्रतिवादी म्हणून कारकुनाचं नाव घालू नये. ऑफिस ज्या शहराचं, जिल्ह्याचं किंवा राज्याचं असेल ते शहर, जिल्हा किंवा राज्य प्रतिवादी असतं. बर्लिनमध्ये 'लांड बर्लिन' म्हणजे बर्लिन राज्य, दुसरीकडे ते शहर किंवा जिल्हा. अर्ज, पोचपावती, दोन्ही पत्रं, परमिट, पासपोर्ट यांच्या प्रती जोडायच्या, आणि प्रतिवादीसाठी एक संच जास्तीचा.

खर्च. परमिटच्या प्रकरणाचं मूल्य न्यायालय सहसा ५,००० युरो धरतं, त्यावर न्यायालयाचं शुल्क सुमारे ५०० युरो होतं आणि ते सुरुवातीलाच मागितलं जातं. नागरिकत्वाच्या अर्जात मूल्य दुप्पट धरतात, मग शुल्क ८०० च्या वर जातं. पण प्रशासकीय न्यायालय कायद्याचं कलम १६१, पोटकलम ३ वाच: निष्क्रियतेच्या दाव्यात अर्जदाराला तोवर निर्णयाची अपेक्षा करणं रास्त होतं असं ठरलं, तर खर्च ऑफिसने भरायचा. म्हणूनच वरची दोन पत्रं आणि पूर्ण अर्ज. त्यांच्या आधाराने ही अपेक्षा रास्त ठरते.

पैसे खरंच नसतील तर दोन सोयी आहेत. दाव्याआधीच्या सल्ल्यासाठी राहत्या भागातल्या आम्ट्सगेरिष्टमधून, म्हणजे स्थानिक न्यायालयातून, बेराटुंग्सहिल्फे म्हणजे कायदेशीर सल्ल्यासाठीची मदत मिळते. तो कागद घेऊन वकिलाकडे गेल्यास आपल्याला फक्त १५ युरो द्यावे लागतात. हँबुर्ग आणि ब्रेमेनमध्ये त्याऐवजी सार्वजनिक सल्लाकेंद्रं आहेत. दाव्यासाठी प्रोत्सेसकोस्टेनहिल्फे म्हणजे खटल्याच्या खर्चाची मदत, तिच्यात उत्पन्न आणि दावा जिंकण्याची शक्यता दोन्ही बघतात. कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेडक्रॉस या सेवाभावी संस्थांची स्थलांतरितांसाठीची सल्लाकेंद्रं फुकट आहेत. २७ वर्षांखालच्यांसाठी वेगळी युवक केंद्रं आहेत. पहिलं पत्र तिथल्या माणसाकडून वाचून घ्यावं.

स्मिता_कारेलीबाग

खूप नेमकं लिहिलंत. आईबापांच्या मनातला प्रश्न विचारते, दावा केला तर पुढच्या वेळी ऑफिस डूख धरणार नाही का? आणि आम्ही इथून फोन केला तर चालेल?

न्यायमंदिर

ताई, ही भीती फार खोल आहे आणि तिच्यामुळेच लोक वर्षवर्ष थांबतात. तिथे नकार द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्यात कायद्यातलं कारण लिहावं लागतं. "याने दावा केला" हे कारण कुठल्याही कलमात नाही. ऑफिसांसाठी हे दावे नेहमीचं काम आहे, आणि बऱ्याचदा उत्तर देणारा विभागही वेगळा असतो. कारकुनावर वैयक्तिक तक्रार करणं ही निराळी गोष्ट, तिला डीन्स्टआउफझिष्ट्सबेश्वेर्डे म्हणतात. नमुना नाही, मुदत नाही आणि फळही नाही, असं तिथले वकीलच तिच्याबद्दल म्हणतात. अपमानास्पद वागणूक झाली असेल तर ती जरूर करावी, पण परमिट मिळवण्यासाठी तिच्यावर वेळ घालवू नये, कारण तिने कुठलीही मुदत थांबत नाही.

इथून फोन करून उपयोग नाही. माहितीच्या गोपनीयतेमुळे ते आईवडिलांशीही बोलणार नाहीत. मुलाने सही केलेलं फोलमाख्ट, म्हणजे अधिकारपत्र, असेल तर त्याच्या वतीने दुसरं कुणी पत्रव्यवहार करू शकतं, पण तो माणूस जर्मनीत असलेला बरा. आणखी एक हक्क फार कमी लोक वापरतात: अपॉइंटमेंटला सोबत एक माणूस नेता येतो, कायद्यात त्याला बायश्टांड म्हणतात. जर्मन येणारा मित्र शेजारी बसून टिपणं घेत असेल तर संभाषणाचा सूर बदलतो. बैठक संपल्यावर त्याच संध्याकाळी "आज आपण असं सांगितलंत" अशी चार ओळींची ई-मेल पाठवा. तोंडी सांगितलेलं तेव्हाच फाईलला लागतं.

सूरसागर

इथे एक विषय सुटतोय आणि तो खास आपल्या गावाचा आहे: नावं. अर्ज अडकतात त्यात नावाच्या घोळाचा वाटा मोठा असतो, आणि त्या घोळाचं मूळ बडोद्यातल्या दाखल्यात असतं.

गुजरातमधल्या नोंदीत आईच्या नावाला 'बेन' आणि वडिलांच्या नावाला 'भाई' लागतं. पासपोर्टवर आई 'मंगला', जन्माच्या दाखल्यात 'मंगलाबेन'. वडील एकीकडे 'प्रकाश', दुसरीकडे 'प्रकाशभाई', तिसरीकडे आपल्या पद्धतीने 'प्रकाशराव'. आपण हसून सोडून देतो. जर्मन नोंदणी कार्यालयाच्या लेखी ती वेगळी माणसं आहेत. आडनावांचंही तेच. गायकवाड इंग्रजीत एकीकडे 'ए-ई' ने, दुसरीकडे 'ए-आय' ने लिहिलेलं असतं, जाधवमधला 'एच' कधी असतो कधी नसतो. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि पदवी मात्र माहेरच्या नावाची.

हे जायच्या आधी इथेच सुधारा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला चूक दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद करून सही-तारीख टाकतात. नोंदीत बाळाचं नावच नसेल, जुन्या नोंदींत असं पुष्कळदा असतं, तर ते कलम १४ खाली घालून घ्यायचं. महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मूळ दाखला, आईवडिलांचे पासपोर्ट किंवा इतर ओळखपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र घेऊन जा, आणि दुरुस्तीनंतरचा दाखला इंग्रजी मजकुरासह मागून घ्या. नुसता गुजराती दाखला असेल तर तिथे गुजरातीतून जर्मन करणारा शपथबद्ध अनुवादक शोधणं जड जातं, इंग्रजीतून जर्मन करणारे सहज मिळतात.

नोटरीकडे केलेलं "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र आपल्याकडे बँकेत चालतं. जर्मनीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मूळ नोंद दुरुस्त असणं आणि त्याला धरून पासपोर्ट असणं हाच पक्का मार्ग.

रावपुरा_२

सूरसागर, त्यापेक्षा दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, मारून घेतलं की झालं ना? भारत त्यासाठीच्या हेग करारात आहेच.

सूरसागर

भारत २००५ पासून करारात आहे हे खरं, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतला, त्यामुळे दोन्ही देशांमध्ये तो लागू होत नाही. एजंट पैसे घेऊन अपॉस्टिल करून देतात आणि ते जर्मन नोंदणी कार्यालयात कामाला येत नाही. त्याच्याऐवजी तिथलं ऑफिस भारतातल्या जर्मन दूतावासाकडून कागदांची पडताळणी करून घेतं. दूतावासाने नेमलेला वकील मूळ नोंदवहीत, शाळेत आणि गरज पडली तर घराच्या आसपास विचारपूस करतो. खर्च अर्जदाराकडून आगाऊ घेतात आणि महिन्यांचा वेळ जातो.

म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की असा माणूस येऊ शकतो. त्याचं ओळखपत्र बघा, प्रश्नांची खरी आणि नेमकी उत्तरं द्या. लग्नाची तारीख आईने एक आणि काकांनी दुसरी सांगितली तर अहवालात तेच लिहिलं जातं. पडताळणी चालू असेल तर निष्क्रियतेच्या दाव्यात ऑफिसला ते कारण दाखवता येतं, हेही ध्यानात ठेवा.

अभि_फतेहगंज

आणि व्हिसाच मुंबईच्या वाणिज्य दूतावासाने नाकारला तर? सीनियर म्हणतात रेमॉन्स्ट्रेशन टाक.

न्यायमंदिर

तो रस्ता बंद झाला. रेमॉन्स्ट्रेशन, म्हणजे दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती, १ जुलै २०२५ पासून जगभर काढून टाकली. सीनियरच्या काळात ती होती, म्हणून तो सल्ला अजून फिरतोय. आता नकारानंतर दोनच वाटा उरतात.

एक, नवा अर्ज. नकाराचं कारण कागदाचं असेल तर हीच वाट लवकरची. विद्यार्थ्याच्या बाबतीत ब्लॉक खात्यातली, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच अडकवून ठेवायची, रक्कम बघ. १ सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ आहे. जुना आकडा धरून भरलेले पैसे कमी पडतात. एपीएस, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचं प्रमाणपत्र, १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थ्यांना लागतं. नव्या अर्जात आधीचा नकार लपवायचा नाही. त्यातल्या प्रत्येक आक्षेपाला एकेक परिच्छेद आणि एकेक पुरावा द्यायचा.

दुसरी, दावा. तो बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात, अर्जदार बडोद्याचा असो की इंदूरचा. नकाराच्या पत्राखाली दाद मागण्याची सूचना असते, तिला रेष्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग म्हणतात. तिच्यातली मुदत सहसा एक महिन्याची. ती सूचनाच नसेल किंवा चुकीची असेल तर न्यायालय कायद्याच्या कलम ५८ नुसार एक वर्ष मिळतं. भारतात राहणाऱ्याला न्यायालय जर्मनीतला पत्ता असलेला, कागद स्वीकारणारा माणूस नेमायला सांगू शकतं. तिथे असलेला नवरा, बायको किंवा वकील हे काम करू शकतो.

आता जर्मनीतल्या नकाराबद्दल, कारण तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. नकाराआधी ऑफिसने आपलं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. 'आनहोरुंग' असं शीर्षक असलेलं पत्र येतं, त्यात उत्तराची मुदत असते. हे पत्र साधी चौकशी समजून ठेवून देऊ नका, नकाराचा मसुदा तयार असल्याची ती खूण आहे. उत्तर देण्याआधी फाईल बघायला मागा. आक्टेनआइनझिष्ट, म्हणजे फाईल बघणं, हा प्रशासकीय प्रक्रिया कायद्याच्या कलम २९ चा हक्क आहे. आपल्याबद्दल नेमकं काय लिहिलंय हे पाहिल्याशिवाय उत्तर अंधारात दिल्यासारखं होतं. चुकीची पगारपावती, दुसऱ्या कुणाचा कागद, जुना पत्ता, असलं काही फाईलमध्ये दिसतं.

नकार आलाच तर तो ज्या पिवळ्या पाकिटातून येतो ते फेकू नका. पोस्टमनने त्यावर तारीख लिहिलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात, पाकीट उघडल्यापासून नाही. भारतात सुट्टीवर असताना ते पेटीत पडलं तरी दिवस मोजणं सुरू होतं. म्हणून बाहेर जाताना पेटीची किल्ली विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, आणि दारावरच्या पेटीवर आपलं नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलेलं आहे ना बघा. नावाअभावी परत गेलेलं टपाल हे फार साधं आणि फार महाग पडणारं कारण आहे.

एक महिन्यात आधी ऑफिसकडे हरकत, म्हणजे विडरश्प्रुख, नोंदवायची की थेट दावा करायचा हे राज्याप्रमाणे बदलतं. पत्राखालची सूचना वाचा, नेटवरचा नमुना नको. आणि एक फरक डोळ्यांत तेल घालून बघा: मुदतवाढ नाकारली की नुसत्या हरकतीने किंवा दाव्याने तो नकार थांबत नाही, वास्तव्य कायद्याचं कलम ८४ तसं सांगतं. त्यासाठी त्याच न्यायालयात न्यायालय कायद्याच्या कलम ८०, पोटकलम ५ खाली तातडीचा वेगळा अर्ज लागतो. देश सोडण्याची मुदत पत्रात असते आणि ती एका महिन्याहून कमी असू शकते. या टप्प्यावर वकील घ्याच, फाखआनवाल्ट फ्युर मिग्रात्सिऑन्सरेष्ट, म्हणजे स्थलांतर कायद्यातला तज्ज्ञ वकील, ही पदवी बघून. आधीचं सगळं स्वतः करता येतं, हे करू नये.

रावपुरा_२

अपॉस्टिलची चूक सुधारल्याबद्दल आभार. ज्यांची नोकरी सुटली त्यांच्यासाठी एक भर घालतो. नोकरी मुदतीआधी संपल्याचं कळल्यापासून दोन आठवड्यांत फॉरेनर्स ऑफिसला कळवणं वास्तव्य कायद्याच्या कलम ८२, पोटकलम ६ नुसार बंधनकारक आहे. कंपनीलाही चार आठवड्यांत कळवावं लागतं, म्हणजे गप्प बसून लपत नाही. दोन आठवड्यांत कळवलं आणि पोच ठेवली, की पुढे ऑफिसने "माहिती दडवली" असं म्हणायला जागा राहत नाही.

शहर बदलणाऱ्यांनीही जपावं. पत्ता बदलला की ऑफिस बदलतं आणि फाईल एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. जुनं म्हणतं पाठवली, नवं म्हणतं आली नाही. घर बदलताना अर्जाची पूर्ण प्रत नव्या ऑफिसला स्वतः पाठवा आणि जुन्या ऑफिसला फाईल पाठवल्याची तारीख लेखी विचारा.

मांडवीकर

फार उपयोगाचं. आणखी एक: कंपनीचा एचआर घाबरून "कार्ड नाही तर उद्यापासून येऊ नका" म्हणतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. अर्जाची पोच, जुनं कार्ड आणि कलम ८१, पोटकलम ४ चा मजकूर त्याला लेखी पाठवा. फिक्शन मिळाला नसेल तर एचआरकडून पत्र घ्या की अमुक तारखेपर्यंत दाखला आला नाही तर कामावरून कमी करू. ते पत्र जोडून फिक्शनची मागणी पुन्हा करा. तरी दाद मिळाली नाही तर न्यायालयात कलम १२३ खाली तातडीचा अर्ज करता येतो. तातडी दाखवायला एचआरचं तेच पत्र सगळ्यात उपयोगी पडतं.

अभि_फतेहगंज

शेवटची शंका. दावा दाखल झाला, तीन आठवड्यांत ऑफिसने परमिट दिला. आता दावा मागे घ्यायचा ना?

न्यायमंदिर

थांब. 'मागे घेतो' हा शब्द लिहू नकोस. दावा मागे घेतला की कलम १५५, पोटकलम २ नुसार खर्च मागे घेणाऱ्यावर पडतो. न्यायालयाला लिहायचं की मूळ वाद निकाली निघाला आहे, जर्मनमध्ये 'एरलेडिग्ट', आणि खर्च कलम १६१, पोटकलम ३ प्रमाणे प्रतिवादीवर टाकावा. ऑफिसनेही तसंच लिहिलं की न्यायाधीश फक्त खर्चाचा निर्णय देतात, आणि आधी भरलेले पैसे परत मिळण्याचा रस्ता मोकळा होतो. ते पत्रही हाताने सही करून, फॅक्सचा अहवाल जपून. आणि नवं कार्ड हातात आल्यावर त्यावरचं नाव, तारीख आणि नोकरीबद्दलची टीप तिथेच खिडकीवर वाचून घे. चूक निघाली तर त्याच दिवशी लेखी कळव.